रिकामं उत्तर

समीक्षा रोह्याची. शाळा-कॉलेज तिथलंच, लग्न होऊन आली हमरापूरला, गणपतीच्या कारखान्यात. पोटापाण्याचं काम मात्र आभाळातलं. दुर्बिणींनी जमवलेली माहिती जगात कुणालाही एकाच पद्धतीने मागता यावी म्हणून नियमावली बनतेय, तिच्यातल्या शब्दांचे अर्थ ही लिहिते. रोह्यात तिची आई सांगते, "आमची समी ताऱ्यांकडे असते." ऐकणाऱ्याला वाटतं, गेली बिचारी.

वर्षभर ती एका ओळीसाठी भांडत होती. आभाळातली एक जागा सांगून ‘इथले तारे द्या’ म्हटलं आणि उत्तर रिकामं आलं, तर समजायचं काय? दुर्बिणीने तिकडे पाहिलं आणि काही दिसलं नाही, की तिकडे पाहिलंच नाही? समीक्षा म्हणे, ही दोन उत्तरं वेगळी द्या, नाहीतर कुणीतरी न पाहिलेल्या जागेवर ‘इथे तारा नाही’ म्हणून प्रबंध ठोकून देईल. नियमावलीची समिती म्हणे, रिकामं ते रिकामं. आज शेवटची बैठक होती. ओळ आज आत गेली तर गेली.

नेट फक्त रंगकामाच्या शेडच्या दारात येतं, म्हणून ती तिथेच लॅपटॉप घेऊन बसली. पुण्याहून अध्यक्ष आदर्श, बाकीचे परदेशातून. एका विद्वानाने ‘सुटसुटीत नियम हवेत’ हे पुन्हा ऐकवलं, तेव्हा तिने दात आवळले.

तेवढ्यात वडखळचं गिऱ्हाईक आलं. "दत्ताशेठ, बसलेला, हिरवा शेला, दीड फूट. हाय का?"

"नाय," तिचे सासरे दत्तात्रेय कुंचल्यावरची नजर न काढता म्हणाले.

गिऱ्हाईक वळलं आणि समीक्षाचं डोकं फिरलं.

"दादा," ती सासऱ्यांवर उखडली, "मागच्या शेडात बघितलंत?"

"नाय बघितलं."

"मग नाय कशाला म्हणता? बघितलं नाय म्हणा. दोन वेगळ्या गोष्टी हायत या. वर्षभर हेच सांगतेय, एकाच्या डोक्यात शिरत नाय."

"मला कधी सांगितलंस गो?"

सुनेने गिऱ्हाईकासमोर सासऱ्याला असं झापायची हमरापुरात पद्धत नाही. दत्तात्रेय कुरकुरत मागे गेले आणि मूर्ती घेऊन आले. शेला हिरवाच.

माईक चालू होता हे समीक्षाला आत्ता दिसलं. मराठी कळणाऱ्या एकट्या आदर्शने हसू दाबत झालेलं सगळं इंग्रजीत सांगितलं, शेल्याच्या रंगासकट. सुटसुटीतवाल्याने जरा वेळ कपाळ चोळलं आणि हरकत मागे घेतली. ओळ मंजूर झाली.

समीक्षा हुश्श करते न करते तोच एका बाईंनी हात वर केला. पाहिलं म्हणजे नेमकं काय? दुर्बीण तिकडे वळवली आणि मध्ये ढग आले, तर पाहिलं म्हणायचं का? समितीला प्रश्न फारच आवडला. ‘पाहिलं’चा अर्थ समीक्षाने लिहून द्यावा, असंही लगेच ठरलं.

तिने लॅपटॉप मिटला.

"झालं का तुमचं?" दत्तात्रेय मूर्तीला कागद गुंडाळत होते.

"झालं. आता ढग असले तर काय म्हणायचं, ते लिहायचंय."

"मूर्ती वाळत नाय म्हणायचं," ते म्हणाले आणि गिऱ्हाईकाला सुतळी धरायला लावली.