म्युनिकमधली आईच्या हातची आमटी

त्या काळी बोटीनं युरोपात येऊन म्युनिकला पोचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला तिथं शिकणारे एक मराठी गृहस्थ स्टेशनामागच्या एका खाणावळीत नेत. त्यांची डॉक्टरेट रसायनशास्त्रात चालली होती, पण खरा अभ्यास जेवायच्या स्वस्त जागांचा. जर्मन ढंगात म्हणायचे, "आल्झो, तर मग, इथलं मसुराचं सूप घ्या. थेट आईच्या हातची आमटी!" त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे तरंगत असत. ते चमच्यानं बशीच्या काठावर काढून ठेवायचे आणि पाहुण्याला सांगायचे, "झालं शाकाहारी."

एकदा त्यांच्याबरोबर जेवायला गेल्यावर मी वेट्रेसला आधीच गाठून त्यांचं सूप मांस न घालता करवून घेतलं. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि वाटी दूर सारली.

"छे! आचारी बदललेला दिसतोय. आईची आठवणच येत नाही."