सात बुरूज आणि गोणीचा तळ

मी निर्णय घेत नाही असं आमच्या घरात जे बोललं जातं ते साफ खोटं आहे. मी निर्णय घेतो. तो घेऊन होईपर्यंत ती वस्तू बाजारातून गेलेली असते, एवढंच.

पुरावा म्हणून माझी बायको केतकी कूलरची गोष्ट सांगते. मी मूळचा अकोल्याचा. अकोल्याच्या माणसाला कूलरमधलं कळणार नाही तर कुणाला कळणार, या भरवशावर लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं कूलर आणायचं काम माझ्यावर सोपवलं. मार्चमध्ये मी अभ्यासाला लागलो. जाळी गवताची की कागदाची? टाकी केवढी? चाकं हवीत की नकोत? मी वहीत रीतसर तक्ता केला. कूलर घरात आला त्या दिवशी सोसायटीतल्या प्रत्येक दारात ओली छत्री उघडून ठेवलेली होती! ही गोष्ट केतकी बारशाला, मुंजीला, वाढदिवसाला आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही सांगून आली आहे (तिथंही लोक हसले). दर वेळी माझ्या तक्त्याची पानं वाढतात. सध्या ती चाळीस झाली आहेत. खरी अकराच होती.

तर एका रविवारी सकाळी मला लॅपटॉपवर एक गेम दिसला. नाव लांबलचक इंग्रजी होतं, आपण त्याला ‘सात बुरूज’ म्हणू. नवाच होता, पण मुद्दाम जुन्या पद्धतीनं बनवलेला. चौकोनी ठिपक्यांची माणसं, टिणटिण वाजणारं संगीत, एक नायक, त्याची तलवार, सात बुरूज आणि त्यांचा दुष्ट मालक. कॉलेजच्या लॅबमध्ये मी याच जातीचा एक गेम दोन वर्षं खेळलो होतो. (म्हणजे योद्धा व्हायचं की जादूगार, यावर दोन वर्षं गेली. तेवढ्यात लॅबचे कॉम्प्युटर बदलले.) तो राहून गेलेला गेम माझ्या मनात अजून कुठंतरी टोचतो, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यातून सेल चालू होता. किंमत एक चतुर्थांशावर आलेली, आणि सेल संध्याकाळी पाचला संपणार!

माझा जीव वरखाली व्हायला लागला. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. लॅपटॉप उघड, बंद कर. चहा झाला. दुसरा झाला.

“बाबा, हे लिटरली डबे आहेत,” रेवा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. ती आमची मुलगी, अकरावीत आहे. “डबे डब्यांशी फाइट करतायत. आणि हा मॉन्स्टर नुसता उभा का आहे?”

“हीच तर यातली गंमत! यात घाई नाही. आपण काय करायचं ते ठरवेपर्यंत राक्षस शांतपणे थांबतो. आपण चहा करून आलो तरी तो तिथंच.”

केतकी आत कणीक मळत होती. “म्हणजे राक्षसाचं काम मी अठरा वर्षं करतेय,” ती तिथूनच म्हणाली.

मग ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. “हे बघ मिलिंद. घे नाही तर नको घेऊस, मला काही फरक पडत नाही. पण पाचच्या आत ठरव. एकट्यानं. कुणाला न विचारता. ठरवून दाखवलंस तर कूलरची गोष्ट बंद.”

“बंद म्हणजे?”

“कायमची. रेवाच्या लग्नातसुद्धा नाही सांगणार.”

अठरा वर्षांची नाचक्की एका बटणावर पुसली जाणार होती! फक्त ते दाबायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

साडेअकराला मी ‘घ्यायचा’ असं ठरवलं. अकरा पस्तीसला ‘नको’. बाराला माझे सासरे आले.

आमच्या अण्णांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. चाळीस वर्षं तिथं बसून आता तो मुलाच्या हाती दिलाय. दर रविवारी फुरसुंगीहून दोन बस बदलून ते आमच्याकडे वाकडला येतात आणि येताना बटाट्याची पिशवी आणतात. पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी माझ्या येरझाऱ्या टिपल्या.

“काय जावईबापू? पोटात गडबड हाय का?”

मी गप्प राहायला हवं होतं. मी सगळं सांगितलं.

“अण्णा, त्याला काही सांगायचं नाही हं!” केतकी आतून ओरडली.

“म्या कुठं सांगतोय? म्या फकस्त इचारतोय.” अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “जावईबापू, वानगी बघितली का?”

वानगी म्हणजे नमुना. यार्डात गोणीतला मूठभर माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. आणि काय सांगू, वानगी होती! पहिलं गाव आणि पहिल्या बुरुजाचं दार, एवढा गेम फुकट खेळून बघता येत होता. मी लॅपटॉप अण्णांपुढे ठेवला. नायकाला नाव द्यायचं होतं, रेवानं पट्कन ‘मिलिंद’ टाकलं. वेशीपाशी एका आंधळ्या साधूनं मिलिंदला आशीर्वाद दिला, तलवार दिली, डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला. मला भरून आलं.

अण्णांना काही आलं नाही. “ही तोंडावरची वानगी हाय,” ते म्हणाले. “गोणीच्या तोंडाशी चांगला कांदा सगळेच लावत्यात. मधी हात घाला.”

“अण्णा, मधला भाग विकत घेतल्याशिवाय दिसत नाही.”

“आबा, अख्खा गेम खेळून कुणीतरी व्हिडिओ टाकलाय,” रेवा आजोबांना म्हणाली. (माझ्या विरोधात ही मुलगी नेहमी तत्पर असते.) “चौदा तासांचा आहे.”

आम्ही मधे हात घातला. सातव्या तासाला नायक दलदलीत रुतला होता, पण दलदल सुरेख होती. अण्णांनी मान हलवली.

“बरा हाय. आता तळ दावा.”

“अण्णा, तळ नको! शेवट कळला तर मजाच गेली की!”

“शेवट न बघता माल घ्यायचा? आन् खाली सडका निघाला मंग?”

“यात सडका निघत नाही हो, ही गोष्ट आहे!”

“सगळे असंच म्हनत्यात,” अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉपला हात लावणाऱ्या त्या माणसानं अचूक जागी बोट ठेवून व्हिडिओ शेवटाकडे सरकवला. मी डोळे मिटले, पण कान उघडे राहिले, आणि रेवा मोठ्यानं सगळं सांगत होती. सातव्या बुरुजाच्या माथ्यावर तो दुष्ट मालक उभा होता, त्यानं मुखवटा काढला, आणि आत तोच आंधळा साधू निघाला!

“तरी म्हटलं,” अण्णा शांतपणे म्हणाले, “फुकट तलवार कोन देतंय!”

मी डोकं धरून बसलो. अण्णा मात्र खूश होते. “डोळं झाकून घ्या. तळापत्तोर माल येकसारका हाय.”

आता पंचाईत दुप्पट झाली. आधी फक्त गेम घ्यावा की नाही एवढाच प्रश्न होता. आता शेवट माहीत असलेला गेम घ्यावा की नाही, हा प्रश्न होता. जेवताना मी आमटीत श्रीखंड वाढून घेतलं. जेवण झाल्यावर वहीत हळूच दोन रकाने आखले.

“तक्ता करतोयस?” केतकीनं विचारलं.

“छे! भाजीची यादी.”

“भाजीच्या यादीत बुरूज कशाला?”

सव्वाचारला मात्र चमत्कार झाला. माझं ठरलं! शेवट कळला तर कळू दे. मला ती दलदल हवी होती, ते टिणटिण हवं होतं, लॅबमधला तो सुटलेला मिलिंद हवा होता. मी ताठ बसलो आणि बटणाकडे बोट नेलं.

“हां हां हां!” अण्णांनी मनगट धरलं. “भाव कुठं झालाय अजून?”

“अण्णा, भाव ठरलेला असतो.”

“कोन म्हनतं? दिस कलला की भाव पडतो. सांजच्याला माल परत न्यायचा कुनी? पाचला घ्या.”

“इथं माल परत न्यायचा नसतो हो.”

“पण आबा, आपण पेज किती वेळ बघतो ते त्यांना कळतं हं,” रेवानं माहिती पुरवली.

अण्णा गंभीर झाले. “मंग तर लॅपटॉपचं झाकन पाडा आधी! गरज दावू नका!” आणि झाकण लावता लावता लॅपटॉपला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “आमाला काय, नसला तरी चालतंय!”

आता मी वीस वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेम नासत नाही, ट्रकमधून येत नाही, त्याला झाकणाआडचं ऐकू येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी अण्णांचं ऐकलं. खरं कारण सांगायची लाज वाटते. त्यांचं पटलं म्हणून ऐकलं नाही. आणखी चाळीस मिनिटं ठरवायचं टळलं, त्याचा मला आनंद झाला.

ती चाळीस मिनिटं आम्ही तिघं लॅपटॉपकडे पाठ करून बसलो. मी पाय हलवत होतो, रेवा हसू दाबत होती, अण्णा बटाट्याच्या आवकेवर बोलत होते. चार अठ्ठावन्नला झाकण उघडलं. भाव तोच! चार एकोणसाठला मी बोट पुढं केलं, आणि अण्णांनी खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकला. त्यांच्या उमेदीच्या काळी यार्डात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, म्हणजे शेजारच्या गाळ्याला कळत नसे. चाळीस वर्षांची सवय ती! पंच्याखाली त्यांनी माझी दोन बोटं गच्च दाबली.

“अण्णा, सोडा!”

“थांबा, उतरतोय!”

“अहो, बोट सोडा!”

पाच वाजले. भाव हलला. चौपट झाला.

पंचा घसरून खाली पडला. अण्णांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “आज आवक कमी असंल.”

मग माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. पाच वाजून दोन मिनिटांनी, कुणाला न विचारता, तक्ता न बघता, मी तो गेम चौपट किमतीला विकत घेतला! माझ्या आयुष्यातला हा एकमेव तडकाफडकी निर्णय आहे.

केतकी दारात उभी होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“कूलरची गोष्ट बंद,” ती म्हणाली.

“खरंच? पण पाच तर वाजून गेले...”

“असू दे. आता तिची गरज नाही.”

त्याच आठवड्यात तिच्या मावसभावाच्या साखरपुड्यात ही नवी गोष्ट सांगून झाली. माझी बोटं त्यात अर्धा तास दाबलेली आहेत.

गेम आता अण्णा खेळतात. बुरुजांशी त्यांना कर्तव्य नाही. साधूची तलवार त्यांनी घेतलीच नाही (“त्या बाबाकडनं काय घ्यायचं न्हाई!”), आणि तलवारीशिवाय पहिल्या बुरुजाचं दार उघडत नाही. त्यामुळे ते पहिल्या गावात औषधी मुळ्या स्वस्तात घेतात आणि दुसऱ्या गावात विकतात. मुळ्यांची पोती पाठीवर घेऊन मिलिंद या गावातून त्या गावात हिंडतो. जग वाचवायला निघालेला माझा नायक हमाली करतो आहे, आणि अण्णा त्याच्यावर खूश आहेत.

मागच्या रविवारी वाटेत अस्वल आडवं आलं. मिलिंद पोतं घेऊन नुसता उभा राहिला.

“जावईबापू, ह्यो तुमचा मानूस हालंना.”

“अण्णा, मारायचं की पळायचं ते आपण ठरवायचं असतं. मग तो हलतो.”

अण्णांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “मंग तुमीच ठरवा. म्या तवर च्या घेतो.”

मी वहीत नवं पान काढलं आणि दोन रकाने आखले. आज गुरुवार आहे. अस्वल अजून उभं आहे.