मामा वाट चुकू नये म्हणून

आमच्या मावसाजींएवढा गोष्टीवेल्हाळ माणूस पांढुर्ण्यात आजवर झाला नाही, आणि त्यांच्याएवढा वेळ तोंड मिटून बसलेला माणूसही झाला नाही. ही दोन टोकं एकाच माणसात कशी नांदतात हे कळायचं तर आमच्याकडचा एक नियम ठाऊक हवा. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हा नियम लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेला असतो. भरदुपारी पोरांनी गोष्टीसाठी भुणभुण लावली की कामात गुंतलेल्या बाया तो त्यांच्या तोंडावर फेकतात, आणि पोरं मोठी झाली की विसरून जातात. मावसाजी विसरले नाहीत. ते माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे माझा मामा तो त्यांचा सख्खा साळा. सत्तरी ओलांडलेला, डोक्यावर पांढरी टोपी आणि कानावर खडूचा तुकडा ठेवलेला हा गृहस्थ, साळ्याचा रस्ता चुकू नये म्हणून सूर्य मावळेपर्यंत पोटातले राजे-राक्षस पोटातच दाबून धरायचा.

बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलणं रंग, मीटर आणि भाव, इतकंच. मधूनच एखादी बाई लाल लुगडं मागायची, मावसाजींचे डोळे चमकायचे, 'अशाच रंगाचं लुगडं एका राणीनं...' इथवर शब्द यायचे आणि ते बाहेरच्या उन्हाकडे बघून गप्प व्हायचे. दिवे लागले की मात्र धरण फुटायचं. जाणती गिऱ्हाइकं उजेड आहे तोवर कापड फाडून घेऊन सटकायची. एकदा तिगावहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी ट्यूबलाइट लागल्यावरही बेसावध बसून राहिली, त्यांची शेवटची गाडी गेली आणि मावशीच्या हातचं पिठलं-भात खाऊन सगळी वऱ्हाडी दुकानातच तागे उशाला घेऊन झोपली. सकाळी नवरदेवाचा बाप म्हणाला, "बस्ता मंग बांधू जी, पण त्या राक्षसाचं काय झालं थे सांगा पहिले."

मावसाजी शटर वर ढकलत म्हणाले, "आता ऊन पडलं."

मंडळी संध्याकाळपर्यंत थांबली. बस्ताही मग तिथेच बांधला गेला, तेव्हा धंद्यात त्यांचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही.

आता मामाविषयी. मामा मोहगावला राहतो. संत्री झाडावर असतानाच अख्ख्या बगीच्याचा माल विकत घ्यायचा हा त्याचा धंदा, त्यामुळे सदा फिरतीवर, आणि दिशांच्या बाबतीत माणूस मुळातच अधू. नियम नसता तरी तो चुकलाच असता असं आम्हा भाचरांचं मत आहे. मावसाजींना ते मान्य नाही. एकदा श्रावणात आभाळ इतकं भरून आलं की भरदुपारी दुकानात दिवे लावावे लागले. मावसाजींनी दिवे पाहिले, घड्याळ पाहिलं नाही, आणि समोरच्या शिंप्याला एक लहानशी गोष्ट सांगून टाकली. नेमका त्याच दुपारी मामा नागपूरहून रेल्वेने येत होता. तो पांढुर्ण्याला उतरायचं सोडून पुढच्या तिगावला उतरला. झोप लागली होती, असं त्याचं म्हणणं. पण मावसाजींचा चेहरा पार पडला. त्यांनी साळ्याला आग्रहाने घरी ठेवून घेतलं, पाटोडीची भाजी करायला लावली, आणि वाढताना तीनदा विचारलं, "लई चालावं लागलं का गा?" मामाने त्या दिवशी पाटोड्यांचा फडशा पाडला आणि 'लई चालावं लागलं' हे प्रत्येक वेळी कबूल केलं.

त्यांच्या गोष्टीतला भूगोल म्हणाल तर सगळा आपल्याच भागातला. राजा शिकारीला निघाला की जाम नदी ओलांडायचा, राजपुत्र राक्षसाशी लढायला जाण्याआधी जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडायचा आणि राजकन्या रुसून बसायची ती सौंसरकडच्या संत्र्यांच्या बगीच्यात. युद्ध दोन वाक्यांत उरकायचं. राणीच्या पातळाला मात्र किती कापड लागलं, काठ कसा होता, धुतल्यावर रंग गेला की राहिला, याला वेळ लागायचा. "तवा असं कापड येत होतं," मावसाजी सुस्कारा टाकायचे, "आता सगळं पॉलिस्टर."

पण या सगळ्याला एक अट होती, ती हुंकाराची. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. 'हूं' आला तर गोष्ट पुढे, नाही तर राजा जिथे उभा असेल तिथे उभा. आणि हुंकार कुणाचाही चालायचा नाही. आम्ही पोरं पुढ्यात बसून घसा ताणायचो, पण मावसाजींचे कान असायचे स्वयंपाकघराकडे. तिथे मावशी भाकरी थापत असायची आणि तिकडूनच तिचा 'हूं' यायचा. राक्षस आला की तो बारीक व्हायचा, राजा खोटं बोलला की 'हूंऽऽ' असा लांबट आणि संशयी. कुकरच्या शिट्टीला हुंकार धरायचं नाही असा घरात ठराव होता. मावशीने त्या गोष्टी लग्नापासून ऐकल्या होत्या. मावसाजींची आवडती गोष्ट तीन राण्यांच्या राजाची. त्यातली तिसरी राणी फारशी बोलत नाही, म्हणून सांगण्याच्या भरात मावसाजी तिला विसरायचे आणि दोनच राण्यांवर संसार चालवू पाहायचे. लगेच भिंतीपलीकडून ठसक्यात यायचं, "अंहंऽ!" मावसाजी निमूट मागे जायचे आणि तिसऱ्या राणीला आणून बसवायचे.

काही वर्षांमागे सौंसरला कुणी हौशी मंडळींनी गोष्टी सांगणाऱ्यांचा कार्यक्रम ठेवला आणि मावसाजींना बोलावणं आलं. कार्यक्रम दिवेलागणीनंतरच हवा, ही अट त्यांनी मान्य करून घेतली. सभागृह भरलेलं, पुढच्या रांगेत साहेब लोक. मावसाजी माइकसमोर बसले, म्हणाले, "एक होता राजा," आणि थांबले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. शिकलेल्या माणसांची रीत ती, आदराने गप्प बसायचं. मावसाजी पुन्हा म्हणाले, "एक होता राजा." पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा राजा होऊन गेल्यावर सूत्रसंचालकाला वाटलं आजोबा विसरले. तो वाकून "पुढे?" म्हणाला. मावसाजींनी समोर उंचावलेले मोबाइल पाहिले आणि माइकमध्येच विचारलं, "तुम्ही गोष्ट ऐकून राहिले का जी, का फोटो काढून राहिले?" लोकांना वाटलं हा गोष्टीचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावसाजी उठायलाच लागले होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून मावशी पिशवी सावरत ओरडली, "हूं! सांगा ना आता, बस निंगून जाईन!" त्यावर ते असे रंगले की सौंसरची शेवटची बस खरंच निघून गेली.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास मावशी स्वयंपाकघरात पडली. उजवं अंग लुळं झालं आणि वाचा गेली. तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी नागपुरातच बँकेत नोकरीला आहे, त्यामुळे मावसाजी माझ्याकडे राहिले. मावशी डोळे उघडायची, पण कुणाकडे बघते आहे हे कळायचं नाही. हाक मारली तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. ओळखीचं काही कानावर पडू द्या, कशाने जागं होईल सांगता येत नाही." भेटायची वेळ दुपारी चार ते पाच. त्या तासात मावसाजी मावशीजवळ बसले आणि टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. "बोला ना मावसाजी," मी म्हटलं. ते कावरेबावरे होऊन म्हणाले, "काय बोलू? मले गोष्टीशिवाय दुसरं बोलता कुठं येते पोरी?" आणि खिडकीकडे बघितलं. बाहेर लख्ख ऊन.

अंधार पडल्यावर आत सोडा म्हणून त्यांनी नर्सची विनवणी केली. ती नियमावर बोट ठेवून होती. हेही आयुष्यभर नियमावरच बोट ठेवत आलेले, तिला काय बोलणार? दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मामाला फोन लावला.

"कुठं हाय तू?"

"बसमधी हाय भाऊजी. बाईले पाह्यालेच येऊन राहिलो."

"मंग उतर अन् एका जागी बसून राहा. मले आज दिवसा गोष्ट सांगा लागते."

 मामा म्हणाला, "सांगा जी तुम्ही. मी चुकलो तं चुकलो. विचारत विचारत येईन."

चार वाजले. मावसाजींनी टोपी नीट घातली, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "एक होता राजा." थांबले. मावशी छताकडे बघत होती. पुन्हा म्हणाले. सौंसरच्या सभागृहात हेच घडलं होतं तेव्हा आम्ही हसून लोळलो होतो. आता मला ते ऐकवेना. माझ्या तोंडून 'हूं' निघून गेला. मावसाजींनी हात वर केला. "तू नको देऊ पोरी. तुह्या हुंकारानं मले पुढचं सुचत नाई." आणि पुन्हा राजा. अर्धा तास तो राजा नुसताच होता, त्याला ना राज्य ना राणी. नर्स दोनदा डोकावून गेली. मग मावसाजी स्वतःचाच नियम मोडून, हुंकार नसताना पुढे सरकले. "त्याले," ते म्हणाले, "दोन राण्या होत्या."

मावशीच्या कपाळाला आठी पडली. ओठ एका बाजूने हलले. "अं... हं."

मावसाजींना ते ऐकू आलंच नाही असं मला क्षणभर वाटलं. ते तसेच बसून होते. मग गडबडीने म्हणाले, "तीन. तीन राण्या होत्या. चुकलो," आणि टोपीने तोंड झाकून घेतलं. ते दोन मुद्दाम म्हणाले की घाबरून, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

पाच वाजून गेल्यावर मामा उगवला. घामाघूम, हातात पेढा. चुकून भलत्याच दवाखान्यात, बाळंतिणींच्या मजल्यावर जाऊन बसला होता म्हणे. तिथे कुणाला तरी मुलगा झाला आणि याच्या हातावर पेढा ठेवला गेला. मावसाजींनी त्याला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली असावी, कारण मामा पेढा सांभाळत नुसता उभा राहिला.

आता मावशी घरी आहे. हात अजून जड आहे आणि शब्द म्हणाल तर 'हूं' आणि 'अंहं' हे दोनच, तेही रोज येतात असं नाही. मावसाजींनी दुकान मुलाकडे सोपवलं आणि दिवसाचा नियम सोडून दिला. सकाळी अंगणात उन्हाला तिची खुर्ची टाकतात, स्वतः समोर पाटावर बसतात आणि सुरू करतात. 'हूं' आला की पुढचं वाक्य, नाही आला की थांबायचं. कधी एका हुंकाराची वाट बघता बघता चहा गार होतो, कधी अख्ख्या सकाळी राजा नदीसुद्धा ओलांडत नाही. मी एकदा म्हटलं, कंटाळा येत नाही का हो? तर म्हणाले, "इतके वर्स मी सांगत होतो, ही ऐकत होती. आता माही बारी हाय ऐकाची."

मामा बिचारा आता फार चुकतो. मोहगावातल्या मोहगावात चुकतो असं मामी सांगते. त्याची तक्रार नाही. उलट मागच्या महिन्यात एकदा तो नागपूरहून निघाला आणि थेट पांढुर्ण्याला, वेळेवर, कुणालाही न विचारता मावशीच्या दारात पोचला, तेव्हा त्याचाच चेहरा उतरलेला होता. "बाई बरी हाय ना?" त्याने दारातूनच विचारलं. मावशीला ताप होता. अंगणात खुर्ची नव्हती आणि दोन दिवस घरात गोष्ट नव्हती. मामाने मला फोन करून सांगितलं, "आज मी चुकलोच नाई पोरी."

त्यानंतरच्या आठवड्यात मी बँकेत काउंटरवर होते, समोर रांग होती, आणि सकाळीच मामाचा फोन आला. मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

"अवं पोरी," मामा हसत होता, "मी तिगावले उतरून राहिलो. पांढुर्णं कवा मागं गेलं समजलंच नाई."

रांगेतल्या माणसाने मला विचारलं, "काय झालं मॅडम, रडून काऊन राहिल्या?" मी म्हटलं, "काही नाही. माझा मामा वाट चुकला."