दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

आई शिवणकाम करायची आणि मला मशीनवर बसवलं तेही तिनंच. कात्री लावायच्या आधी मान खाली घालून प्रार्थना करायची, हा तिचा नेम. आणि काही बिघडलं तर सरळ "माझं चुकलं" म्हणायचं, कापडावर ढकलायचं नाही. शिवणाऱ्या सगळ्यांना ही पळवाट ठाऊक असते. ब्लाउज बिघडला, की "कापडच कमी भरलं हो" म्हणून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक थोडंच पुन्हा मोजायला येतंय! आई म्हणायची, "येशूचं नाव घेऊन कात्री धरतीस ना? मग त्याच तोंडानं खोटं बोलू नको." आई गेली, मशीन माझ्याकडं राहिली. पालम गावातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच, आणि वीस वर्षं मी आईचा हा नियम पाळला. पाळला कसला, मिरवला! "त्या बाईकडं टाका, खोटं बोलत न्हाई," असं बाया एकमेकींना सांगायच्या आणि ते कानावर आलं की मला लय गोड वाटायचं.

समोरच्या वहिनींच्या पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. शेतकरी घर, थोरली लेक. परभणीला जाऊन शालू घेतला होता. वहिनींना लाल हवा होता, पोरगी मोरपंखीवर अडून बसली आणि शेवटी तिचंच खरं झालं. त्याचं ब्लाउजपीस माझ्याकडं आलं. भारी जरीचं, सुलट बाजू वेगळी आणि उलट बाजू वेगळी असं कापड, दोन्ही बाजूंना काठ.

शनिवारी दुपारी मी ते पसरलं. प्रार्थना केली, बरं का. प्रार्थना करून चुकले. असल्या कापडावर दुसरी बाही कापताना मापाचा कागद पालथा ठेवावा लागतो. मी दोन्ही वेळेला सुलटाच ठेवला आणि कापून मोकळी झाले. शिकाऊ पोरगी पहिल्या महिन्यात करते ती चूक! दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. मी त्या किती वेळ उलटसुलट करत बसले, जणू फिरवून फिरवून त्यातली एक डावी होणार होती.

तिन्हीसांजेला वहिनी आल्या. "झाला का हो ताई बिलाउज?"

"वहिनी, कापडच कमी भरलं," मी म्हटलं. "एक बाही बसंना."

इतकं सहज निघालं तोंडातून, की मलाच धडकी भरली.

"घ्या! म्हणलं व्हतं मी पोरीला, लालच घे म्हणून!" असं म्हणत वहिनी तरातरा निघून गेल्या. त्यांना हाक मारायची होती, एवढंच होतं. मी दाराला धरून उभी राहिले आणि हाक काही मारली नाही.

रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेले. आमच्यात उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आठवड्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी उठले आणि माझी गुडघेदुखी कशी थांबली ते सांगितलं. सगळे "आमेन" म्हणाले. बाहेर आल्यावर पाळकबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं विश्वासात घट्ट राहायला पाहिजे बघा." मला त्यांचा असा राग आला! त्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी? पण चप्पल अडकवली आणि तडक घरी आले.

घरी तरी कुठं चैन? चहा ठेवला, उतू गेला. बायबल उघडलं, एक ओळ चारदा वाचली. समोरून वहिनींचा आवाज येत होता, "लय हौस व्हती ना त्याच शालूची!" आणि पोरीचं रडणं. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागं फिरले. मनात म्हणायची, गल्लीत आपलं एकच घर. लोक म्हणतील, हाच का तुमचा धरम? देवाच्या नावाला बट्टा लागेल. म्हणजे देवाची अब्रू राखायला मी खोटं झाकत होते. वा गं वा!

सोमवारी सकाळी बघते तर वहिनी पिशवीत शालू घालून निघालेल्या. शेजारीण म्हणाली, दुकानदाराशी भांडायला परभणीला जायल्यात. मी पदराला टाचण्या टोचलेल्या तशीच धावले. स्टँडवर एष्टी लागली होती. वहिनींचा पाय पायरीवर होता.

"वहिनी, उतरा! कापड पुरं होतं. मी चुकीचं कापलं. मी खोटं बोलले."

चार बाया वळून बघायला लागल्या. वहिनी खाली उतरल्या. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरगी म्हणत व्हती," त्या हळू बोलल्या, "आई, शिवायला द्यायच्या आधी मी टेपानं मोजलंय, कापड पुरं हाय. मी तिच्या थोबाडीत दिली. म्हणलं, त्या बाई खोटं बोलत न्हाईत, तूच खोटी."

दुसऱ्या कुणी ते वाक्य टाकलं असतं तर वहिनींनी पोरीचं ऐकून टेप आणून मोजून बघितलं असतं. माझं होतं म्हणून मोजलं नाही.

"मी जाते परभणीला," मी म्हटलं. "मिळतंजुळतं कापड आणते, वाया गेलेल्या बाहीचा काठ उसवून त्याला लावते, कळणारसुद्धा नाही."

"कापडाचं मागून बघू. आधी पोरीकडं जा."

पोरगी ओसरीत लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "तुझं माप बरोबर होतं. खोटं मी बोलले. आत्ताच तुझ्या आईला स्टँडवर सांगून आले."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"काकू," ती म्हणाली, "काल मी रडायले व्हते तवा तुमी दोनदा दारात आलतात. मी बघितलं."