डासाचा बडग्या

तांडापेठेतली ती गल्ली रोज सकाळी पडदा वर जावा तशी उघडायची. आधी मागांचा खटखटाट, मग नळावरची भांडणं, मग ओट्याओट्यावर चहा. शहात्तर सालच्या श्रावणात मात्र रंगमंचाच्या मधोमध एक भलतंच पात्र उभं होतं. बांबूच्या कमच्यांचा, बैलाएवढा डास. सोंड तेवढी लागायची होती. भोवती अर्धी गल्ली जमलेली, आणि खिडकीआड मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला जागेश्वर विणकर त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"काहून जी, धोटा थांबला? डास चावला का?" पार्वतीबाईंनी नवऱ्याला चिमटा काढला.

चावलाच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या बाईचा भला मोठा पुतळा मिरवत निघतो, आणि तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे. वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. अठरा वर्षं गल्लीचा बडग्या जागेश्वरच्या हातचा असे. यंदा घरोघर हिवताप, म्हणून बडग्या डासाचा ठरला आणि काम गेलं सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या ताराचंदकडे. तुझे सगळे बडगे एकाच तोंडाचे, मिशीवाले होतात, डासाला मिशी कशी लावशील, असं वडीलधाऱ्या गणपतरावांनी समजावलं. सगळे हसले. जागेश्वरही हसला, आणि त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना.

त्यात श्रीधर. हा हिवताप खात्याचा माणूस पंधरा दिवसांनी यायचा, भिंतीवर तारीख लिहायचा, तापकऱ्याच्या बोटातलं रक्त काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायचा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी उपडी करा, साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो, हे त्याचं पालुपद जागेश्वरला तोंडपाठ होतं. कारण चार वर्षं श्रीधरचा चहा त्याच्याच ओट्यावर व्हायचा. आता तो ताराचंदकडे बसून, हिवतापाचा डास शेपूट वर करून कसा बसतो ते चितारून दाखवी. आपला बडग्या गेला ते गेला, पाहुणाही गेला, हे जागेश्वरच्या छातीत काट्यासारखं रुतलं.

गुरुवारी दुपारी ताराचंद रंग आणायला इतवारीत गेला, तसा जागेश्वर त्याच्या अंगणात शिरला. काहीतरी खोट सापडावी एवढीच इच्छा. आणि सापडली! कमच्या भिजत घातलेल्या ड्रमात बारीक अळ्या होत्या, पाण्यावर आडव्या तरंगणाऱ्या. हिवतापाच्या डासाची अळी अशीच तरंगते, हे श्रीधरनेच शिकवलेलं. डासाचा पुतळा करणाऱ्याच्या घरी डासांचं बाळंतपण! सोमवारी श्रीधर येईल, तेव्हा चारचौघांत त्याचा हात धरून इथे आणायचं, असं जागेश्वरने ठरवलं. त्या रात्री तो पोटभर जेवला. शुक्रवारी, शनिवारी मागावर बसून गुणगुणला. पार्वतीबाईंना वाटलं, नवरा निवळला.

रविवारी तो पुन्हा चोरून बघायला गेला, तर अळ्या निम्म्याच उरलेल्या. पाण्यावर नुसती फोलं तरंगत होती. त्याचा पुरावा उडून गल्लीत गेला होता. ड्रमाशेजारी बाजेवर ताराचंदची म्हातारी आई, प्रयागबाई, झोपली होती. तिच्या मनगटावर एक डास बसला होता, शेपूट वर करून.

जागेश्वरने डास हाकलला आणि दोन्ही हातांनी ड्रम आडवा केला.

आवाजाने गल्ली धावून आली. ताराचंदने चिखलातल्या कमच्या बघितल्या. "काहून गा जागेश्वरभाऊ? माह्या कमच्यांनी तुमचं काय बिघडवलं?" दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही मेल्याला, असं नळावरच्या बायका मोठ्याने बोलल्या. जागेश्वर गर्दीतून वाट काढत घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा माग बंद होता.

सोमवारी श्रीधर आला. त्याने ड्रमाच्या तळाचं उरलेलं पाणी पांढऱ्या थाळीत ओतलं आणि वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांना दाखवल्या. गल्लीत एकच शहाणा माणूस आहे म्हणाला, आणि त्याने जागेश्वरला बोलावून आणलं. कालच्याच बायका आता त्याला वाट करून देऊ लागल्या. गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डासाची सोंड तूच लाव, आणि मिरवणुकीत बडग्यापुढे तूच चाल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मान खाली घातलेल्या ताराचंदनेही होकार दिला.

महिनाभर जे हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. श्रीधरने वही उघडली आणि अळ्या कधी दिसल्या ते विचारलं. 'काल' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

जागेश्वरने श्रीधरकडे बघितलंच नाही. तो ताराचंदकडे वळला.

"गुरुवारी पाहिलं होतं गा. तुह्यावर जळून राहिलो होतो, म्हणून बोललो नाही."