शांतता राखा

पक्षीमित्र मंडळाला स्वयंसेवक हवे होते म्हणून मी नाव दिलं. रविवारी सकाळी तळ्याकाठी त्यांनी मला 'शांतता राखा' असा फलक धरून उभं केलं. फलकाचं तोंड कपडे धुणाऱ्या बायकांकडे. मागे हातभर लांब लेन्स लावून मंडळाचे अध्यक्ष.

बाभळीतला दयाळ पक्षी काही बाहेर येईना. अध्यक्षांनी मोबाइलवर दुसऱ्या दयाळाची शीळ लावली. तो लगेच आला. आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते शोधत शेपटी ताठ करून या फांदीवरून त्या फांदीवर उडू लागला.

"जवळ घरटं असेल त्याचं," मी म्हणालो.

"अहो, वीस वर्षं प्रेम करतोय आम्ही पक्ष्यांवर."

असल्या प्रेमाची मला किळस येते. आधी एखाद्याच्या जिवाला घोर लावायचा आणि मग त्याचा तो घाबरा राग फ्रेम करून दिवाणखान्यात टांगायचा.

फोटो मिळाला, शीळ थांबली, मंडळाची माणसं हसतखिदळत पोह्यांकडे वळली. दयाळ मात्र नसलेल्या शत्रूला ओरडून उत्तरं देतच होता. बायका कधीच्या गप्प धुणं पिळत होत्या. मी फलक पोहे खाणाऱ्यांकडे वळवला.

अध्यक्षांनी तो वाचला. "अहो," ते म्हणाले, "उलट्या बाजूला धरलाय तुम्ही."