पायाला लागलेलं पुस्तक

दुपारचं ऊन कपाटावर आलं, की त्यात तरंगणारी धूळ बघता बघता मी पोर्तुगालमधल्या एका खेड्यातल्या वाचनालयात जाऊन पोचते. उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आम्ही देशोदेशीचे विद्यार्थी तिथे जमलो होतो. सकाळी भाषेचे वर्ग आणि दुपारी गावासाठी काहीतरी काम. माझ्याकडे जुनी पुस्तकं पुसायचं काम होतं.

पहिल्याच दिवशी एका पुस्तकाला माझा पाय लागला. सवयीनं मी वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला टेकवला. म्हातारे ग्रंथपाल बघत होते.

"हे काय केलंस?"

"पुस्तकाची माफी मागितली," मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हटलं.

"मग केलं का त्यानं माफ?" ते हसले. मी ओशाळले.

हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही. बॅग भरताना तर ते मी घेतलंही नव्हतं. असं न सांगता आपल्याबरोबर काय काय येत असतं, कोण जाणे.

निघायच्या दिवशी मी ग्रंथपालांचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा ते दाराकडे पाठ करून उभे होते. हातातलं पुस्तक निसटून त्यांच्या बुटावर पडलं. गुडघा धरून ते सावकाश वाकले, पुस्तकाला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली.

मी उंबऱ्यातच थांबले. मग जरा वेळानं, पाय वाजवत आत गेले.